भामट्याला डब करता येत नाही

1972 साली हाँगकाँगमध्ये कँटोनीज भाषेतला एकही चित्रपट तयार झाला नाही. ज्या शहरात घरात, मंडईत, बसमध्ये आणि भांडणात कँटोनीजच चालायची, ज्या शहराने साठच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दोनशेच्या वर कँटोनीज चित्रपट काढले होते, त्या शहराच्या पडद्यावरून तिथली बोली पार पुसली गेली. थिएटरं ओस पडली नव्हती. चित्रपट धडाक्यात निघत होते, पण मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत. ब्रूस ली हा हाँगकाँगच्या गल्ल्यांत कँटोनीज बोलत वाढलेला पोरगा. 1971-72 साली त्याच्या चित्रपटांनी शहराला वेड लावलं, तेव्हा त्याच्याच गाववाल्यांना तो मँडरिन बोलताना ऐकू आला, आणि तेही दुसऱ्याच्या आवाजात.

या कोंडीला 1973 मध्ये पहिलं भगदाड पडलं आणि 1974 च्या ऑक्टोबरमध्ये भिंतच कोसळली. ती पाडली एका भामट्यांच्या जोडीने.

चित्रपटाचं बाहेरच्या जगाला माहीत असलेलं नाव 'गेम्स गॅम्बलर्स प्ले'. कँटोनीजमध्ये 'क्वाय मा स्वँग सिंग'. 'क्वाय' म्हणजे भूत, 'मा' म्हणजे घोडा. पण दोन्ही जोडून 'क्वाय मा' म्हटलं की त्यात भूतही राहत नाही आणि घोडाही. अर्थ होतो वात्रट, बेरकी, डोक्याने चालू. 'स्वँग सिंग' म्हणजे दोन तारे, म्हणजे जोडगोळी. लेखक, दिग्दर्शक आणि मोठा भामटा मायकल हुई. धाकटा, देखणा, हसऱ्या तोंडाचा भामटा त्याचा सख्खा भाऊ सॅम हुई. मकाऊच्या जुगारघरातला हा पोरगा लबाडीपायी तुरुंगात येतो, तिथे त्याची मोठ्याशी गाठ पडते, आणि सुटल्यावर दोघं मिळून लोकांना टोप्या घालायला निघतात. माहजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाचा डाव, टीव्हीवरची बक्षिसाची स्पर्धा, कुत्र्यांच्या शर्यती: जिथे पैसा हलतो तिथे हे दोघं हजर. गोष्ट एवढीच. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये सगळ्यात जास्त गल्ला याच चित्रपटाने जमवला, साठ लाख हाँगकाँग डॉलरच्या वर, आणि ब्रूस लीचे आकडेही मागे टाकले.

मला हा योगायोग वाटत नाही. पडद्यावरून गेलेली भाषा पडद्यावर परत आली ती भामट्याच्या तोंडून, कारण ते काम त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमण्यासारखंच नव्हतं. आपल्या भाषेची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने, आपण मराठी माणसांनीही, यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं. भाषेसाठी आपण ज्या मागण्या करतो, त्यांत ही गोष्ट कुठेच नसते.

आधी भाषा गेली कशी ते बघू. तिच्यावर कुणी बंदी घातली नव्हती. ब्रिटिश सरकारला त्यात रस नव्हता, आणि बीजिंगचा अंमल यायला अजून पंचवीस वर्षं होती. व्यापाराने घालवली. शॉ ब्रदर्ससारख्या मोठ्या स्टुडिओकडे रंग होता, भव्य सेट होते, आणि मँडरिनमध्ये काढलेला चित्रपट तैवानपासून सिंगापूर-मलायापर्यंत विकता येत होता. त्याच्यासमोर कँटोनीज चित्रपट म्हणजे कमी पैशांत, घाईघाईत उरकलेलं काम. 'सात दिवसांचा ताजा माल' असंच त्यांना तिथे म्हणायचे, कारण काही खरोखरच आठवड्याभरात उरकलेले असायचे. त्यात 1967 च्या नोव्हेंबरात टीव्हीबी ही फुकट बघायची वाहिनी सुरू झाली आणि कँटोनीज विनोद, कँटोनीज गप्पा घरबसल्या मिळायला लागल्या. मग तिकीट कोण काढणार? भाषा घरात राहिली, बाजारातून उठली. हळूहळू लोकांच्याही मनाने घेतलं की मोठ्या पडद्यावर शोभते ती मँडरिन, आणि आपली म्हणजे स्वयंपाकघरातली.

1973 मध्ये जे भगदाड पडलं तेही शूरवीरांनी पाडलेलं नव्हतं. एका चाळीत कोंबलेले भाडेकरू आणि त्यांना छळणारे मालक-मालकीण यांच्यावरचा 'द हाउस ऑफ 72 टेनन्ट्स' हा चित्रपट. त्या वर्षीचा तो एकमेव कँटोनीज चित्रपट, आणि हाँगकाँगात त्याने ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'पेक्षा जास्त धंदा केला. नळावरची भांडणं, थकलेलं भाडं, शेजाऱ्याची उसनवारी. लोक आपल्या चाळीचा आवाज ऐकायला गेले.

आता भामट्याकडे येतो. तलवारीचा खणखणाट सगळ्या भाषांत सारखाच. ब्रूस लीची लाथ मँडरिनमध्येही तेवढीच लागते. राजा, साधू, सूड घ्यायला निघालेला मुलगा यांची वाक्यं ठोकळेबाज असतात, ती कुठल्याही भाषेत ओतता येतात. भामट्याचं तसं नाही. त्याच्याकडे तलवार नाही, पैसा नाही, अधिकार नाही. सगळं भांडवल जिभेवर. 'बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही' हे त्याचं जीवनसूत्र. समोरचा माणूस कुठला, कशाला भुलेल, त्याला 'काका' म्हणायचं की 'साहेब', कुठे आवाज खाली आणायचा, कुठे अर्धं वाक्य हवेत सोडून द्यायचं, हे त्याला पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं. 'हा आपल्यातलाच' असं समोरच्याला वाटलं की काम फत्ते. आणि आपल्यातला वाटायला आपली बोली लागते, अगदी कानाकोपऱ्यातली.

कँटोनीजमध्ये यासाठी हत्यारंही भरपूर आहेत. सहा सूर, आणि वाक्याच्या शेवटी लावायचे डझनावारी इवले इवले शब्द. 'मे' लावला की होतं, 'काय सांगता, खरंच?' 'लो' लावला की, 'आता काय, व्हायचं ते होणारच.' आणि 'वो' हा शब्द खालच्या पट्टीतून वर नेत लावला की अर्थ होतो, 'असं म्हणतात बुवा, मी नाही म्हणत.' आपल्या 'म्हणे'सारखाच. भामट्यासाठी याहून कामाचा शब्द दुसरा कोणता? थाप मारायची आणि तिची जबाबदारी कुणा तिसऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळं व्हायचं. हे 'वो' आणि 'म्हणे' दुसऱ्या भाषेत नेताना हमखास गळून पडतात, आणि ते गळले की भामटा नुसता खोटारडा उरतो. त्याच्यावर जीव जडत नाही.

हे मला पुस्तकांतून कळलं नाही. सिंगापूरला नोकरी करताना चायनाटाउनजवळ एका घरात मी खोली भाड्याने घेऊन राहत होतो. घरमालकीण सत्तरीच्या पुढची. तिथे वयस्क बाईला सगळेच आंटी म्हणतात, मीही म्हणायचो. तिचे आईवडील दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातून आलेले, म्हणजे माहेरची भाषा कँटोनीज. एका रविवारी दुपारी तिने हा चित्रपट लावला. मी खाली येणारी इंग्रजी वाक्यं वाचत होतो. शेजारी तिचा अकरा-बारा वर्षांचा नातू, शाळेत मँडरिन शिकणारा, घरी इंग्रजी बोलणारा. आंटी माझ्याआधी हसायची. नट बोलता बोलताच तिच्या खांद्याला हसू फुटायचं, मग ती पदराने पुसावं तसे शर्टाच्या बाहीने डोळे पुसायची, आणि तोवर माझं वाचून व्हायचं आणि मी कसनुसा हसायचो. नातू हसतच नव्हता. एकदा त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा फोनमध्ये तोंड घातलं. तीन माणसं, एक पडदा, आणि तीन वेगवेगळे चित्रपट.

मध्येच मी तिला विचारलं, हे दोघं धडधाकट आहेत, एवढी लबाडी कशाला करतात? ती म्हणाली, 'वान सिक.' शब्दशः अर्थ, अन्न शोधणं. कारकुनाची नोकरीही वान सिक, टॅक्सी चालवणंही वान सिक, आणि लोकांना गंडवणंही वान सिकच. आपण 'पोटापाण्याचं बघावं लागतं' म्हणतो तसं. त्या एका शब्दात तिने त्या पोरांना माफ केलं नाही, पण आपल्यातलं मात्र करून घेतलं.

त्याच दुपारी तिने मला एक अक्षर शिकवलं. चहाच्या कपात बोट बुडवून टेबलावर आधी 'यौ' काढलं. यौ म्हणजे 'आहे', हे अक्षर सगळ्या चिनी लिखाणात असतं. मग त्याच्या पोटातल्या दोन आडव्या रेघा वगळून तेच अक्षर पुन्हा काढलं. 'मोउ,' ती म्हणाली. म्हणजे 'नाही'. पोट रिकामं झालं की नाही. हे दुसरं अक्षर बोलीचं. हाँगकाँगची मुलं दिवसभर तोंडाने 'मोउ' म्हणतात आणि शाळेच्या निबंधात ते लिहिलं तर गुण कापले जातात. तिथे प्रमाण शब्द हवा, जो घरी कुणी बोलत नाही.

सिंगापूरने 1979 मध्ये 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. कँटोनीज, होक्किएन, तिओच्यू या घरोघरच्या भाषांना बोली ठरवलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या टीव्हीवरून काढून टाकल्या. हाँगकाँगच्या मालिका मँडरिनमध्ये डब होऊन दिसायला लागल्या. आंटी सांगायची, ओळखीचे नट होते तेच, पण सगळे परक्या आवाजात बोलायला लागले. मोहीम चालवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या चिनी लोकांना एकमेकांशी बोलता यावं, व्यापार वाढावा, मुलांवर ओझं पडू नये, हे सगळं समजण्यासारखं आहे. पण त्याची किंमत त्या दुपारी माझ्या शेजारी सोफ्यावर बसली होती. आजीच्या हसण्याचं कारण नातवाला कळत नव्हतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नव्वदच्या दशकात स्टीफन चाऊ या नटाने कँटोनीज विनोद कळसाला नेला. भामटे, बाताडे, फुकट फौजदारी करणारे असेच त्याचे नायक. त्याच्या चित्रपटांना तैवानच्या शी बान्यू या कलावंताने मँडरिन आवाज दिला, आणि चीनमधल्या कोट्यवधी लोकांना चाऊ त्याच आवाजात आठवतो, आवडतो, तोंडपाठ आहे. मग भामट्याला डब करता येत नाही हे कसं? माझं उत्तर असं की शी बान्यूने भाषांतर केलं नाही, त्याने स्वतःचा दुसरा भामटा उभा केला, मँडरिनच्या मातीतला. ते मोठं काम आहे, आणि त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. भामटा जगवायचा तर ज्या भाषेत न्यायचा तिथल्या गल्लीत तो नव्याने जन्माला घालावा लागतो. आणि तो तिकडे जन्मला म्हणून इकडच्या आंटीला तिचा भामटा परत मिळत नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा. लबाड पोराला नायक करून लोकांना काय शिकवता? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही, पण चित्रपट कुठल्या वर्षी आला ते बघा. पीटर गॉडबर हा हाँगकाँग पोलीस दलातला बडा ब्रिटिश अधिकारी. त्याच्याकडे 43 लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक बेहिशेबी माया सापडली, आणि चौकशी चालू असताना 1973 च्या जूनमध्ये तो स्वतःचा पोलीस पास दाखवून विमानतळावरून इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे फेब्रुवारी 1974 मध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग आला. शेअर बाजाराचा हाँग सेंग निर्देशांक 1973 च्या मार्चमध्ये 1775 च्या आसपास होता, तो 1974 च्या डिसेंबरात 150 वर आला. मोलकरणींपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांची पुंजी बुडाली. त्या ऑक्टोबरात थिएटरात बसलेल्या माणसाला मोठे ठक कोण हे पक्कं ठाऊक होतं. ते गणवेशात होते, बँकेत होते, आणि इंग्रजीत बोलत होते. पडद्यावरचे दोघं त्याच्याच भाषेत बोलणारे, त्याच्यासारखेच कफल्लक. त्यांना हसताना तो लबाडी शिकत नव्हता. लबाडी कशी बोलते ते ऐकत होता.

हे ऐकणं फार महत्त्वाचं आहे. गेल्या वर्षी पुण्यात माझ्या मावशीला 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला. पोलीस असल्याची बतावणी करणारा माणूस हिंदीत आणि मधूनमधून इंग्रजीत कलमांचे आकडे सांगत होता. मावशी शिकलेली, निवृत्त मुख्याध्यापिका. तरी चाळीस मिनिटं फोन धरून घामाघूम बसली होती. दारावर भाजीवाली आली नसती तर पैसे गेलेच असते. नंतर शांत झाल्यावर ती म्हणाली, "अरे, तो मराठीत बोलला असता ना, तर पहिल्या दोन वाक्यांत कळलं असतं मला की हा थापा मारतोय." मला ते वाक्य विसरता येत नाही. सत्तेच्या भाषेत आपण घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला खोटं ऐकू येत नाही. आपल्या भाषेत मात्र सुराचा एक केस इकडचा तिकडे झाला तरी कान टवकारतात. हा कान शाळेत तयार होत नाही. तो गोष्टींतून, नकलांतून, थापाड्या मामाच्या बाता ऐकून आणि भामट्यांचे चित्रपट बघून तयार होतो.

मराठीचं आणि कँटोनीजचं एक साम्य इथे खरं आहे. दोघींच्याही चित्रपटांना आपल्याच महानगरात एका मोठ्या बाजाराच्या भाषेशेजारी राहावं लागलं. कँटोनीज चित्रपट संपत आला होता त्याच 1971 साली मुंबईत दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला जागा मिळेना, तिथे देव आनंदचा हिंदी चित्रपट लागायचा होता. शिवसेनेच्या आंदोलनाने जागा मिळाली हे सगळ्यांना आठवतं. पण आंदोलनाने दार उघडतं, खुर्च्या भरत नाहीत. खुर्च्या भरल्या त्या त्यातल्या नाम्याच्या बोलण्याने. तेव्हा पांढरपेशांनी नाकं मुरडली, भाषा बिघडते म्हणाले. सतरा वर्षांनी 'अशी ही बनवाबनवी' आला: भाड्याच्या खोलीसाठी चार पोरांनी घरमालकिणीला घातलेला गंडा. आज अमेरिकेत जन्मलेली मराठी मुलं, ज्यांना धड मराठी वाचता येत नाही, ती त्यातले संवाद घडाघडा म्हणतात. कितीही शिबिरं घेतली तरी जे साधलं नसतं ते त्या चार लबाडांनी साधलं.

आता आपण भाषेसाठी काय मागतो ते बघा. 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवणं सक्तीचं झालं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय लोकांच्या रेट्यापुढे सरकारला मागे घ्यावा लागला. या तिन्ही गोष्टी हव्याच होत्या, मी स्वतः त्यांच्या बाजूने बोललो आहे. पण त्या सगळ्या भाषेच्या सन्मानाच्या गोष्टी आहेत. भाषेच्या चालूपणाचं काय? निबंधात मालवणी किंवा वऱ्हाडी वाक्य आलं की आजही लाल रेघ बसते. कुणी आपल्या गावच्या बोलीत चावट, लबाड, तिरकस काही लिहिलं की पहिला प्रश्न येतो, यातून भाषेचा काय गौरव होतो? अनुदानासाठी चित्रपट सादर करायचा तर महापुरुष किंवा सामाजिक समस्या बरी पडेल, असा हिशेब माझ्या ओळखीचे दोन लेखक उघड करतात. दोघांच्याही डोक्यात फर्मास भामटे आहेत. ते कागदावर उतरत नाहीत.

हाँगकाँगमध्ये कायद्याने काय केलं तेही सांगतो. फेब्रुवारी 1974 मध्ये, भामट्यांचा चित्रपट यायच्या आठ महिने आधी, चिनी भाषेला इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं चळवळ केली होती. पण कायद्यात 'चिनी' एवढाच शब्द होता. कुठली चिनी बोलायची ते लिहिलं नव्हतं, आणि ती मोकळी जागा पुढे कुणीही भरू शकत होतं. 2014 मध्ये तिथल्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कँटोनीज ही राजभाषा नसलेली बोली असल्याचं वाक्य आलं, आणि गदारोळ झाल्यावर ते काढावं लागलं. 2010 मध्ये क्वांगतुंगमधल्या क्वांगचौ शहरात टीव्ही वाहिनी मँडरिनमध्ये करण्याची सूचना पुढे आली तेव्हा लोक रस्त्यावर आले होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये कँटोनीजसाठी काम करणारी एक संस्था बंद पडली. तिच्या लेखनस्पर्धेतल्या एका कथेवरून राष्ट्रीय सुरक्षा पोलीस तिच्या संस्थापकाच्या जुन्या घरी पोचले होते. तरीही 2021 च्या जनगणनेत हाँगकाँगच्या सुमारे 88 टक्के लोकांनी आपली रोजची भाषा कँटोनीज सांगितली. त्या टिकण्याचं श्रेय मी 1974 च्या कायद्याइतकंच त्या वर्षीच्या भामट्यांना देतो. सॅम हुई हाँगकाँग विद्यापीठाचा पदवीधर, बँडमध्ये इंग्रजी गाणी म्हणणारा. कँटोनीज गाणं म्हणजे अडाण्यांचं, असं तेव्हाच्या शिकलेल्या पोरांना वाटायचं. त्याने गिटार घेऊन या चित्रपटासाठी गल्लीच्या बोलीत जुगार आणि नशिबावर गाणं म्हटलं, आणि ती लाज गेली. पुढची वीस वर्षं कँटोनीज गाण्यांनी अर्धा आशिया व्यापला.

पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर 2024 मध्ये, 'द लास्ट डान्स' नावाचा चित्रपट आला आणि हाँगकाँगच्या स्थानिक चित्रपटांतले कमाईचे विक्रम मोडून गेला. त्यात अंत्यविधी करणाऱ्या कडक म्हाताऱ्या ताओपंथी पुरोहिताचं काम केलंय मायकल हुईने, वयाच्या 82 व्या वर्षी. लोक रडले म्हणतात. तो म्हातारा पडद्यावर कमी बोलतो, पण जे बोलतो ते कँटोनीजमध्ये, स्वतःच्या आवाजात.

आंटीकडची ती दुपार अजून थोडी शिल्लक होती. चित्रपट संपल्यावर नातवाने फोन खाली ठेवला आणि विचारलं, "एवढं काय हसत होतीस?" तिने चित्रपट मागे नेला, एक वाक्य लावलं, आणि त्याला ते म्हणायला सांगितलं. त्याने म्हटलं. तिने मान हलवली. त्याने पुन्हा म्हटलं, शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक अक्षर सुटं करून. "असं नाही," ती म्हणाली, "असं बोललास तर कोण फसेल तुला?" मग ती त्याच्याजवळ सरकली, आवाज खाली आणला, डोळे बारीक केले, आणि ते वाक्य एखाद्या भोळ्या गिऱ्हाइकाच्या कानात सांगावं तसं त्याच्या कानात म्हणाली. मला शब्द कळले नाहीत. पोराला मात्र या वेळी हसू आलं, आणि तो म्हणाला, पुन्हा म्हण.